शेजारचा कुकर

१

शेजारच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला खरं तर आनंद झाला होता.

आम्हाला पुण्याजवळ मांजरी गावाला राहायला येऊन एक पावसाळा उलटला होता. इमारत नवी, नाव इंग्रजी आणि निम्मी घरं रिकामी. घेणारे बरेचसे अमेरिकेत, नाहीतर बंगळूरला. त्यांना घर राहायला नको होतं, वाढायला हवं होतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अजून ऊस उभा होता. आमच्या इमारतीखालीही आधी ऊसच होता, असं बिल्डरचा माणूस कौतुकाने सांगायचा, लिफ्ट आणि पार्किंगच्या जोडीला ती तिसरी सोय असल्यासारखं.

सातव्या मजल्यावर दोनच दारं होती, शेजारी शेजारी. एक आमचं आणि दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून कुलूप. माझा नवरा दिग्विजय खराडीतल्या एका कंपनीत होता. कंपनीने त्याला वर्षभरासाठी परदेशात ऑनसाइट पाठवलं होतं, दर रविवारी फोन यायचा. घरात मी आणि नऊ वर्षांची नीरजा. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शिवाय पर्यावरणही, कारण ते नव्याने सक्तीचं झालं होतं आणि सक्तीची कामं सहसा माझ्याच गळ्यात पडतात.

तर शिट्टी. त्या संध्याकाळी मी आमचा कुकर उतरवला आणि जरा वेळाने ओट्यामागच्या भिंतीपलीकडून शिट्ट्या आल्या. तीन. कोणीतरी राहायला आलं म्हणायचं! वाटीत शेवयांची खीर घेतली, नीरजाला म्हटलं, "चल, ओळख करून घेऊ," आणि दार उघडलं.

शेजारी कुलूप तसंच होतं. कुलपावर धूळही तशीच होती. मी वाटी हातात धरून बावळटासारखी उभी राहिले. नीरजाने नाक वर केलं आणि म्हणाली, "आई, पण भाताचा वास कुठंय?"

ही मुलगी नाकाने जगते. नवं पुस्तक आधी हुंगते, मग उघडते. लिफ्टमधून कोण गेलं ते वासावरून सांगते. प्रयोगशाळेतून आल्यावर माझ्या हातांना नमुने टिकवायच्या फॉर्मेलिनचा वास येतो, त्यावरून रोज तक्रार करते. "तू यायच्या आधी तुझा वास येतो," म्हणते.

"डक्टमधून आवाज कुठलाही कुठे जातो," मी तिला म्हणाले. "खालच्या मजल्यावरचा असेल." मग खीर आम्हीच खाल्ली.

२

पण तो खालच्यांचा कुकर असता, तर त्याला आमचा खोकला झाला नसता.

आमच्या कुकरची शिट्टी जुनी होती. वाजण्याआधी ती एकदा खोकायची, फुस्स, आणि मग वाजायची. पलीकडची शिट्टीही आधी खोकत होती. रोज. आमची तिसरी शिट्टी झाली, मी गॅस बंद केला, की थोडा वेळ शांतता आणि मग पलीकडून फुस्स. प्रतिध्वनी इतक्या उशिरा येत नाही, एवढं मला कळत होतं.

मी विज्ञानाची बाई. शंका आली की कुढत बसत नाही, प्रयोग करते. हडपसरच्या बाजारातून नवी शिट्टी आणून आमच्या कुकरला लावली. आमचा कुकर स्वच्छ वाजला. पलीकडचा त्या संध्याकाळीही खोकला. दुसऱ्या दिवशीही खोकला, पण जरा अडखळत. तिसऱ्या दिवशी तोही स्वच्छ वाजला.

मी डाव हातात घेऊन ओट्यापाशी उभी होते. पहिला विचार आला तो हा, की हे शिकतंय. त्यामागोमाग दुसरा आला, सत्यशीला, तुझी झोप होत नाहीये. दुसरा विचार मला जास्त पटला.

त्याच आठवड्यात वर्गात सजीवांचे परस्परसंबंध आले. कोण कोणाच्या आधाराने जगतं, कोण कोणाला खातं, आणि खाण्यासाठी कोण कोणाचं सोंग घेतं. काजव्यांची गोष्ट मी दरवर्षी सांगते. काजव्यांच्या एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखी लुकलुकते. त्या दुसऱ्या जातीचा नर भुलून जवळ येतो आणि ही त्याला खाते. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, पण तिला त्यांचा पॅटर्न कळतो कसा? शिकवतं कोण?"

"ऐकून ऐकून," मी म्हणाले.

वर्ग हसला. काजवे ऐकत नाहीत, पाहतात, आणि तेही शिकत नाहीत, तसेच जन्मतात. मी चूक सुधारली आणि फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहायला घेतला. निसर्गात रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही, हा तो मुद्दा.

३

नीरजा दुपारी शाळेच्या बसने घरी यायची आणि मी त्यानंतर तास-दीड तासाने. तेवढा वेळ ती एकटी. त्यासाठी आमचा एक नियम होता. घरात आलं की आतून कडी. बेल वाजली तरी उघडायचं नाही, कुरिअरवाला असो की साबण विकणारी बाई. मी दारात येऊन "नीरू, मी आले" म्हणाले, की मगच. नीरू तिला मी एकटीच म्हणते, त्यामुळे नियम पक्का होता, निदान मला तसं वाटत होतं.

आमची बेल चिमणीच्या आवाजाची. खरी चिमणी त्या इमारतीत एकही दिसली नव्हती, पण घरोघरी बेला चिवचिवायच्या.

एकदा जेवताना नीरजा म्हणाली, "आई, लाईट नसताना बेल कशी वाजते?"

त्या वर्षी दुपारचं लोडशेडिंग जोरात होतं. "नाही वाजत," मी म्हणाले.

"आपली वाजते."

"आठवं आश्चर्य. जेव आता."

पुढे एकदा कॉलेज अर्ध्या दिवसात सुटलं म्हणून मी दुपारी घरी होते. लाईट गेले. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली, सगळी इमारत गप्प झाली. नीरजा गणितं सोडवत होती, कामाला येणाऱ्या इंदुबाई फरशी पुसत होत्या. आणि बेल वाजली. बेलचा डबा आमच्या दारावर, आतल्या बाजूला होता. चिवचिवाट तिथून आला नाही. तो दाराबाहेरून आला, खालून, जमिनीजवळून.

मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. नीरजा वहीतून मान वर न करता म्हणाली, "बघ."

इंदुबाई मांजरी गावातल्या. त्यांनी फडकं पिळलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पोरीवरनं येक लिंबू उतरून टाका. त्येला काय खर्च न्हाई."

"आमच्याकडे हे चालत नाही, इंदुबाई."

आणि खरंच चालत नाही. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेले होते. परत आल्यावर त्यांनी देवांबरोबर भुतांनाही घरातून रजा दिली. आमच्या हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. त्यांच्यासमोर मी लिंबू उतरवत बसू? ज्या घराने इतक्या कष्टाने भीती बाहेर काढली, तिथे ती मीच परत आणणार नव्हते. याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. पण त्या दुपारी मला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं. मी कडी लावली, मग पुन्हा जाऊन ती लागली आहे ना ते पाहिलं.

४

बंद घरांच्या किल्ल्या सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांच्याकडे असायच्या. ते तळमजल्यावर राहायचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"मॅडम, बंद घरात कुकर कोण लावणार?" ते म्हणाले. "लावत असेल तर बरंच आहे, मेंटेनन्स तरी वसूल करता येईल." तरी किल्ली घेऊन वर आले.

घर अगदी रिकामं होतं. फरशीवर सिमेंटची भुकटी, भिंतींना एक हात चुना. बाथरूमच्या खिडकीला काच नव्हती, नुसता चौकोन. त्या चौकोनातून बाहेरचा ऊस दिसत होता.

मी बराच वेळ तिथेच थांबले. आमच्या ड्राय बाल्कनीत कबुतरांनी नको नको केलं होतं. जाळी लावली तर जाळीवर बसत. इथे वर्षभर उघडी खिडकी होती, आणि आत एक पीस नाही, विष्ठेचा ठिपका नाही. कोपऱ्यात कोळिष्टक नाही. मुंगी नाही, पाल नाही. पुण्यात मोकळी खिडकी आणि आत कबूतर नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. इतक्या चांगल्या जागेत कोणी शिरत नसेल, तर ती जागा रिकामी नसते, तिथे आधीच कोणीतरी असतं. हे मी मुलांना शिकवते, परीक्षेत विचारते.

आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, एक काळपट डाग होता. हात लावून पाहिला तर गुळगुळीत. गोठ्याची भिंत गुरांनी अंग घासून घासून होते तसा.

"ओल आहे," रावसाहेब म्हणाले. "बिल्डरला सांगू. तो करणार काही नाही, पण सांगू."

मी वाकून त्या जागी कान लावला. पलीकडे फ्रीज घरघरत होता. नीरजा पाढे म्हणत होती, बारा सक बाहत्तरला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की मी तिला उत्तर सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. मी पटकन मागे झाले.

५

"आई, काल तू दोनदा आलीस?"

मी भाजी चिरत होते. "दोनदा कशाला येईन?"

"आधी हाक आली. नीरू, मी आले. मी कडीला हात लावला. पण फटीतून तुझा वास नाही आला, म्हणून नाही उघडलं. मग परत हाक आली, अगदी तश्शीच. मग थांबली. आणि मग तू आलीस, वासाची."

मी विळी बाजूला सरकवली आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. ती आता मांडीवर मावत नव्हती, तिचे पाय जमिनीला टेकत होते. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं. मुलं काहीही कल्पना करतात, असं माझी बुद्धी सांगत होती. पण या मुलीने आजवर वास कल्पनेने घेतलेला नाही.

कॉलेजातली कल्याणी नारायण पेठेत राहते, तिची वरची खोली रिकामी होती. तिला फोन केला. "शनिवारी ये," ती म्हणाली, "खोली झाडून ठेवते." शनिवार परवा होता. दिग्विजयला काही कळवलं नाही. सात समुद्रापलीकडे फोन करून काय सांगणार, कुकर खोकतो म्हणून?

कुकर गॅसवर चढवला आणि नीरजाला ओट्याशी बोलावलं. "नीरू, नीट ऐक. आता हाकेवर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या हाकेवरसुद्धा नाही. माझा वास आला, तरच ती मी."

"फॉर्मेलिनचा?"

"फॉर्मेलिनचा, साबणाचा, घामाचा. सगळा मिळून माझा जो आहे तो."

तिने माझ्या तळहाताला नाक लावलं, तोंड वाकडं केलं आणि हसली. मीही हसले. मी त्या वेळी ओट्यामागच्या भिंतीला टेकून उभी होते.

त्या संध्याकाळी पलीकडून शिट्टी आली नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

६

शुक्रवारी सकाळी नीरजाने शाळेसाठी अन्नसाखळीचं चित्र रंगवलं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. गवताला स्केचपेनचा हिरवा इतका लावला की उजव्या हाताची बोटं हिरवी झाली.

"हात धुतलेस?"

"हो आई, धुतले," ती म्हणाली आणि तशीच बसकडे पळाली. हे तिचं रोजचं उत्तर, धुतले तरी आणि न धुतले तरी.

माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून तिने शाळेतून आल्यावर वर न जाता रावसाहेबांकडे बसायचं ठरलं होतं. मी पोहोचले तेव्हा लाईट गेलेले होते. रावसाहेब दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"नीरजा?"

"वर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, तुम्हीच हाक मारलीत ना जिन्यातून? नीरू, मी आले. मी स्वतः ऐकली. ती म्हणाली, थांबा, आधी बघते. जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन नाक काय वर केलं, आणि म्हणाली, हो, आईच आहे. गेली पळत."

लिफ्ट बंद होती. मी जिना चढायला लागले. सहाव्या मजल्यावर फॉर्मेलिनचा वास आला. मी माझे हात नाकाशी नेले. परीक्षेत मी हातमोजे घातले होते, हातांना नुसता रबराचा वास होता. तो दुसरा वास वरून येत होता, साबणाचा आणि घामाचा मिळून, आणि त्याच्यामागे गरम भाताचा.

वर आमचं दार उघडं होतं. शेजारी कुलूप होतं.

"आई, भूक लागली," आमच्या घरातून नीरजा म्हणाली.

"आई," कुलूप लावलेल्या दारामागून नीरजा म्हणाली.

दोन्ही आवाज तिचेच. मी दोन दारांच्या मध्ये उभी होते, धाप लागलेली. कुलूप बाहेरून आहे. त्यावर धूळ आहे, किल्ली खाली रावसाहेबांकडे आहे. माणूस बंद दारातून आत जाऊ शकत नाही. म्हणून बंद दारामागचा आवाज नकली आणि घरातली मुलगी माझी. फळ्यावर लिहावं तसं एकाखाली एक मी हे मांडलं आणि आमच्या घरात गेले.

नीरजा जेवणाच्या टेबलाशी बसली होती, शाळेच्या गणवेशात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर काढलं. तेव्हा शेजारच्या दारावर आतून लहान हाताचे तळवे आपटायला लागले.

"आई, तुझा वास आला म्हणून मी आत आले. आई, मला काढ ना इथून."

"ऐकू नकोस," मी माझ्या हातातल्या नीरजाला म्हणाले. ती घाबरली नव्हती. तिने त्या दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

जिन्याच्या वळणावर मी एकदाच मागे पाहिलं. दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती, लहान, फरशी चाचपणारी. टोकाला हिरवी. आता याला बोटंही आली, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी नीरजाला घेऊन धावत सुटले.

७

रिक्षा हडपसर ओलांडून पुढे आली तेव्हा मला श्वास नीट घेता यायला लागला. मी नीरजाचा हात माझ्या मांडीवर घेतला. बोटं उघडून पाहिली. स्वच्छ होती.

"हात धुतलेस?"

"हो आई, धुतले."

तोच सूर, तीच घाई. मग मला आठवलं की भिंतीपलीकडून इतके दिवस जे जे आलं, ते आधी आमच्या घरात वाजलेलं किंवा बोललेलं होतं. शिट्टी, बेल, माझी हाक. त्यातलं काहीच नवं नव्हतं. "तुझा वास आला म्हणून मी आत आले," हे मात्र आमच्या घरात कोणीच कधी बोललं नव्हतं.

मी रिक्षा फिरवायला लावली. रावसाहेबांनी कुरकुरत कुलूप उघडलं. घर रिकामं होतं. भिंतीवरचा डाग आता छातीपर्यंत चढला होता. ओल वाढली, ते म्हणाले. मी दाराशी पालथी पडून फरशी हुंगली. पण नीरजासारखं नाक मला नाही. मला फक्त सिमेंटचा वास आला.

आता आम्ही नारायण पेठेत असतो. दिग्विजय परत आला. नीरजा फार शहाणी झाली म्हणतो, आता उलट उत्तर देत नाही, हट्ट करत नाही. शाळेत ठीक चाललंय. ती जे बोलते ते मी आधी ऐकलेलं असतं, पण सगळीच मुलं तेच तेच बोलतात. माझ्या हातांना अजून फॉर्मेलिनचा वास येतो. त्यावरून घरात आता कोणी तक्रार करत नाही.

इथे कबुतरं फार. कल्याणी जाळ्या लावून दमली. "तुमच्या खिडकीत बरं एकही बसत नाही," ती म्हणते, "नशीबवान आहात." परवा ओट्यावर साखर सांडली. मी मुद्दाम पुसली नाही. सकाळी ती जशीच्या तशी होती, एक मुंगी नाही.

मला एकच मुलगी आहे. तिला मी रोज जवळ घेते, वेणी घालते, झोपताना पांघरूण नीट करते. तिला काही विचारत नाही.

काल संध्याकाळी कुकर उतरवला, झाकण काढलं. आंबेमोहोर होता, खोलीभर घमघमाट सुटला. नीरजा मागे येऊन उभी राहिली. तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "आई, पण भाताचा वास कुठंय?"

मी तिचं ताट वाढलं.